अकरा कोयते, एकतीस माणसं

दसरा सरला की आमच्या उमापुरात पहाटे ट्रॅक्टर धडधडायला लागतात. ट्रॉलीत धान्याची पोती, पत्र्याच्या पेट्या, चुलीपुरतं सरपण, एखादी शेळी आणि सगळ्यांत वर गोधडीत गुंडाळलेली पोरं. टोळी उसाच्या फडाकडे निघते. मुकादम वही उघडून बघतो तेव्हा त्याचा प्रश्न ठरलेला असतो : कोयते किती? नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी असेल तर अर्धा. पोरांचा हिशोब नसतो, कारण पोरं उचल घेत नाहीत.

या गावातला मुलगा जहाजावर कसा गेला, हे मला आयुष्यभर विचारलं गेलं. समुद्र इथून तीनशे किलोमीटरच्या पलीकडे. पोहायला शिकलो तो विहिरीत, कमरेला सुकलेला भोपळा बांधून. तेहतीस वर्षं व्यापारी जहाजांवर डेक अधिकारी म्हणून काढली आणि त्यानंतर बारा वर्षं तरुण खलाशांना जीवरक्षणाचे धडे दिले. जहाज सोडायची वेळ आली तर काय करायचं, हा माझा विषय. पहिल्या तासाला फळ्यावर मी एकच शब्द लिहायचो : हजेरी. पोरं हसायची. त्यांना होडी, रॉकेट, लाइफ जॅकेट यांबद्दल ऐकायचं असायचं. मी त्यांना १९४२ सालच्या अरबी समुद्राची गोष्ट सांगायचो.

२० नोव्हेंबर १९४२ रोजी ‘तिलावा’ नावाचं जहाज मुंबईहून निघालं. ब्रिटिश इंडिया कंपनीचं, १९२४ साली बांधलेलं, दहा हजार टनांचं. मोम्बासा, लॉरेन्को मार्क्स, डर्बन असा प्रवास. प्रवासी ७३२, खलाशी-अधिकारी २२२ आणि तोफेवरची ४ माणसं, म्हणजे एकूण ९५८. प्रवाशांत बहुतेक आफ्रिकेत बिऱ्हाड मांडलेली भारतीय कुटुंबं होती. तळाच्या कोठारात दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीसाठी साठ टन चांदी होती.

२३ तारखेच्या पहाटे दोनच्या सुमारास ‘आय-२९’ या जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो जहाजाला लागला. जहाज लगेच बुडालं नाही. ही गोष्ट मी वर्गात दोनदा सांगायचो, कारण सगळा धडा तिच्यातच आहे. वेळ होता. पण अंधारात झोपेतून उठलेली माणसं होड्यांकडे धावली आणि त्या धक्काबुक्कीत होड्या उलटल्या. पुष्कळ जण जहाजापासून दूर गेले. जहाज तरंगतंय असं पाहून काही परत त्यावर चढायला लागले. तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो आला. वायरलेस अधिकारी डंकन शेवटपर्यंत संकटाचे संदेश पाठवत राहिले आणि जहाजाबरोबर गेले.

पुढचे दोन दिवस वाचलेली माणसं होड्यांत आणि तराफ्यांवर होती. भर समुद्रात होडीतला दुसरा दिवस फार वाईट असतो. पहिल्या दिवशी भीती माणसाला जागं ठेवते. दुसऱ्या दिवशी ऊन, मीठ आणि तहान यांचं राज्य सुरू होतं. चोहीकडे पाणी आणि पिण्याजोगा थेंब नाही, हे दुष्काळी मुलखातल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. समुद्राचं पाणी प्यायलं तर त्यातलं मीठ बाहेर टाकायला शरीर आपलंच पाणी खर्च करतं. म्हणून प्यायलेला माणूस न प्यायलेल्याच्या आधी जातो. २५ तारखेला ‘बर्मिंगहॅम’ ही ब्रिटिश क्रूझर पोहोचली. तिनं शेकडोंना उचललं, ‘कार्थेज’ या जहाजानं आणखी चौघांना. २७ तारखेला बर्मिंगहॅम मुंबईला लागली. ६७८ माणसं वाचली, २८० गेली.

तीच पाणबुडी दहा दिवसांनी, ३ डिसेंबरला, सोकोत्रा बेटाच्या परिसरात ‘बेलिटा’ हे नॉर्वेचं तेलवाहू जहाज बुडवून गेली. पुढच्या एप्रिलात मादागास्करजवळ जर्मन पाणबुडीतून सुभाषचंद्र बोसांना आपल्याकडे घेणारी पाणबुडी हीच, ‘आय-२९’. नेताजींच्या प्रवासात आपण तिचं नाव अभिमानानं घेतो, तिलावाच्या वारसांच्या घरी ते वेगळ्या तऱ्हेनं घेतलं जातं. समुद्राचा इतिहास असा एकाच जहाजात दोन बिऱ्हाडं थाटून बसतो.

नॉर्वेचं तेलवाहू जहाज आपल्या समुद्रात कशाला आलं होतं? एप्रिल १९४० मध्ये जर्मनीनं नॉर्वेवर चढाई केली. पण देश गेला तरी त्याची जहाजं जगभर पाण्यावर होती. सुमारे हजार जहाजं लंडनहून चालणाऱ्या ‘नोर्ट्राशिप’ या सरकारी संस्थेच्या ताब्यात आली. ब्रिटनला लागणाऱ्या तेलाचा फार मोठा हिस्सा याच तेलवाहू जहाजांनी वाहिला. त्यांवरच्या नाविकांना पाच वर्षं घर दिसलं नाही. तीन हजारांहून जास्त कधीच परतले नाहीत.

नॉर्वेच्या जहाजांशी आपल्या खलाशांचा संबंध आणखी एका करुण प्रसंगानं आला. जून १९४० मध्ये हिंदी महासागरात ‘अटलांटिस’ या वेष पालटलेल्या जर्मन युद्धनौकेनं नॉर्वेचं ‘तिरान्ना’ पकडलं. बुडवलेल्या ब्रिटिश जहाजांवरचे कैदी तिनं त्यात भरले, त्यांत भारतीय खलाशीही होते, आणि जहाज फ्रान्सकडे रवाना केलं. २२ सप्टेंबरला किनारा दिसण्याइतका जवळ आलेला असताना ‘ट्यूना’ या ब्रिटिश पाणबुडीनं शत्रूचं जहाज समजून ते बुडवलं. ज्यांना शत्रूनं पाण्यातून काढलं होतं, त्यांतले कितीतरी मित्राच्या टॉर्पेडोनं मेले.

हे खलाशी कोण होते? त्या काळी मुंबईत भरती व्हायची ती टोळीनं. डेकवर रत्नागिरीकडची आणि गुजरातच्या किनाऱ्याची माणसं, भट्टीवर पंजाब आणि सरहद्दीकडची, जेवणघरात गोव्याची. सारंग, टंडेल, कसब, भंडारी, आगवाला, कोयलावाला, टोपाज अशी उतरंड. टोळी जमवणारा सारंग. नोकरी मिळावी म्हणून त्याला दस्तुरी द्यायची, ती देण्यासाठी कर्ज काढायचं आणि सफर संपली की पगारातून ते फेडायचं. ब्रिटिश खलाशाच्या पगाराचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा हातात यायचा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला नवं काहीच वाटलं नाही. सारंगाच्या जागी मुकादम आणि दस्तुरीच्या जागी उचल घातली की उमापूर झालं.

टोळीनं भरलेल्या माणसांचं नुकसान संकटात कळतं. त्यांची गणतीही टोळीनंच होते. त्या काळच्या बुडालेल्या जहाजांच्या बातम्यांत गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं सापडतात आणि खाली एक ओळ : देशी खलाशी, अमुक. दुसऱ्या महायुद्धात सहा हजारांवर भारतीय खलाशी गेले. त्यांची नावं नाहीत असं नाही. मुंबईतल्या खलाशांच्या आश्रयगृहात एका स्मृतिग्रंथात ती नोंदलेली आहेत, तशीच प्रत चितगावला आहे. पण ग्रंथ मिटलेला असतो. नॉर्वेत स्टावर्न गावी समुद्रकिनारी स्मृतिभवन आहे. तिथे तांब्याच्या पत्र्यांवर दोन्ही महायुद्धांत गेलेल्या नाविकांची नावं कोरली आहेत, कोणीही जाऊन बोट ठेवून वाचावीत अशी.

नॉर्वेवाल्यांनाही सारं सहज मिळालं नाही. युद्धकाळात त्यांच्या पगाराचा काही भाग एका गुप्त निधीत जमा होत होता आणि युद्धानंतर तो आपल्याला मिळेल अशी त्यांची समजूत होती. तो मिळाला नाही. कोर्टात ते हरले. १९७२ मध्ये तिथल्या संसदेनं प्रत्येक महिन्याच्या सेवेपोटी ठरावीक रक्कम मंजूर केली, तोवर अनेक जण वारले होते. २०१३ मध्ये सरकारनं माफी मागितली. पण रक्कम महिन्याच्या हिशोबानं देता आली, कारण कोण कोणत्या जहाजावर किती महिने होता याची नोंद होती. नाव असेल तरच भांडता येतं. ‘देशी खलाशी, अमुक’ कुणाच्या विरुद्ध दावा लावणार?

तिलावावरच्या चांदीचं बघा. अडीच किलोमीटर खोल पाण्यातून २०१७ मध्ये २,३६४ लाद्या वर काढल्या गेल्या. त्या वर काढल्याच्या मोबदल्यावरून ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला चालला आणि २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या बाजूनं निकाल लागला. पंचाहत्तर वर्षांनी लादी न् लादी मोजली गेली.

माणसं मोजण्याची सक्ती समुद्रावर फार उशिरा आली. १९४७ मध्ये रेवसकडे निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ बुडाली तेव्हा बोटीवर किती माणसं होती यावर आजही एकमत नाही. सहाशेच्या वर गेली एवढं आपण म्हणतो. १९९४ मध्ये बाल्टिक समुद्रात ‘एस्टोनिया’ बुडून ८५२ माणसं गेली. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम झाला की प्रवासी जहाजानं धक्का सोडण्यापूर्वी प्रत्येक माणूस मोजायचा आणि लांबच्या प्रवासात नावं किनाऱ्यावर ठेवायची. कारण सोपं आहे. शोध कधी थांबवायचा हे ज्याला ठरवायचं असतं, त्याच्या हातात आकडा लागतो. ९५७ की ९५८, यातल्या एकासाठी होडी आणखी एक रात्र फिरते.

एका जहाजावरच्या सरावात आमची गणती एकानं कमी भरली. कप्तान म्हणाले, सराव आहे, सोडा. मी सोडलं नाही. सफाईवाला पोऱ्या खाली शीतगृहात अडकला होता, आतली घंटा बंद पडलेली. त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या ओठांना बोलता येत नव्हतं. यादीत त्याचं नाव नसतं तर आमची गणती बरोबर भरली असती.

परवा आमच्या गल्लीतून टोळी निघाली. मी काठी टेकत ट्रॉलीपाशी गेलो. मुकादम ओळखीचा. म्हणाला, “काका, अकरा कोयते. बरोबर हायेत.”

“माणसं किती?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटली. मग मीच एकेक नाव विचारत गेलो. बायांनी पोरांची नावं सांगितली. एकीनं तान्हुल्याचं अजून ठेवलेलं नाही म्हणून सांगितलं, तेव्हा ‘बाळ’ असं लिहिलं. एकतीस भरली. कागदाची एक प्रत मुकादमाच्या वहीत खोचली आणि एक माझ्याकडे ठेवली.

ती भिंतीवर कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली आहे. एप्रिलात टोळी परत येईल तेव्हा ट्रॉलीपाशी जाऊन पुन्हा वाचायची आहे.