मुंगी घाटाची कावड

शिखर शिंगणापूरची कावड म्हणजे कऱ्हा नदीचे पाणी खांद्यावरून माणदेशातल्या डोंगरावर नेऊन शंभू महादेवाला घालण्याची यात्रा. ती निघते पुणे जिल्ह्यातल्या सासवडहून आणि पोचते सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात. मधली वाट शंभर किलोमीटरांहून जास्त आहे, पण यात्रेचा बोलबाला आहे तो अगदी शेवटच्या टप्प्याचा, मुंगी घाटाचा. चैत्र शुद्ध द्वादशीला, ऊन उतरू लागले की पाण्याने भरलेल्या कावडी या घाटाने वर चढवल्या जातात. हे शिंगणापूर शनीचे नव्हे. शनीचे शिंगणापूर अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासे तालुक्यात आहे, आणि नावाच्या घोटाळ्यात नको त्या गाडीत बसणारे अजूनही भेटतात. ‘शिखर’ हा शब्द सोडून बोलू नये तो यासाठीच.

यात्रा पाण्याची का, हे मुलूख पाहिला की उमगते. सह्याद्रीपासून सुटून आग्नेयेकडे गेलेली शंभू महादेवाची डोंगररांग एका अंगाला नीरा-भीमेचे आणि दुसऱ्या अंगाला कृष्णेचे पाणी वाटून देते. तिचे फाटे सांगली जिल्ह्यात खानापूर, आटपाडीपर्यंत उतरतात. साताऱ्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माणमध्ये तो पाचशेच्या आसपास, तोही बेभरवशाचा. माणगंगा याच भागात उगम पावून म्हसवड, आटपाडीवरून पुढे भीमेला मिळते. नावात गंगा असली तरी उन्हाळ्यात तिचे पात्र वाळूचेच असते. अलीकडे उरमोडी आणि टेंभू योजनांचे पाणी माण-आटपाडीच्या काही शिवारांत आले, तिथे ऊस आणि डाळिंब दिसू लागले. डोंगरमाथे मात्र होते तसेच आहेत: खुरटे गवत, काळा दगड आणि मेंढरे.

साताऱ्याहून येणारा रस्ता कोरेगाव सोडून वर्धनगडाच्या पायथ्याने खिंड ओलांडतो आणि पुसेगावला येरळेच्या खोऱ्यात उतरतो. या एका खिंडीत हवा बदलते. अलीकडे कृष्णाकाठचा हिरवा पट्टा आहे, पलीकडे ज्वारी-बाजरीची रानं. सांगलीकर विटा, मायणी करून येतात. दोन्ही रस्ते दहिवडीला मिळतात आणि तिथून शिंगणापूरची चढण लागते. या बाजूने डोंगर सौम्य आहे, गाडी थेट गावात जाते. उत्तरेची बाजू मात्र तुटलेली आहे. खाली फलटण, माळशिरसचे सपाट रान पसरते, आणि त्या रानातून पाहिले तर शिखर आकाशावर ठळक उभे दिसते. मुंगी घाट याच अंगाला आहे. त्याच्या पायथ्याचे कोथळे गाव सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात येते.

गावाचे नाव देवगिरीच्या यादव राजा सिंघणावरून पडले असे मानतात. सिंघण तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात राज्य करत होता. मंदिर दगडी तटाच्या आत, किल्ल्यासारखे. पायऱ्या चढून गेले की दीपमाळा, नंदी, कोरीव खांबांचा सभामंडप, आणि गाभाऱ्यात शेजारी शेजारी दोन लिंगे, एक शिवाचे आणि एक शक्तीचे. वरचे रंगीत शिखर दक्षिणी वळणाचे आणि अलीकडच्या जीर्णोद्धारातले आहे. खालच्या काळ्या घडीव दगडाशी त्याचा सूर जमलेला नाही.

शंभू महादेव हे भोसल्यांचे कुलदैवत. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी यात्रेकरूंचे पाण्यावाचून होणारे हाल पाहून इथे मोठे तळे बांधवले. त्याचा उल्लेख परमानंदाच्या ‘शिवभारता’त आहे. वेरूळचा हा सरदार इतक्या दूरच्या डोंगरावर पैसा ओततो, तेही देवळाच्या कळसासाठी नव्हे तर पाण्यासाठी. माणदेशात कशाचे पुण्य मोठे, हे त्याला ठाऊक होते.

या देवाचे धागे आणखी दक्षिणेला जातात. रा. चिं. ढेरे यांनी ‘शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव’ या ग्रंथात असे मांडले की शिंगणापूरचा महादेव हे श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाचे रूप असून, त्याला इकडे आणणारा बळिप हा कर्नाटकातून आलेला गवळी-धनगरांचा पुढारी भोसल्यांचा पूर्वज होता. मुख्य मंदिराजवळच्या देवळाला लोक ‘बळी’ म्हणतात, ते त्याचेच स्मारक असे ढेऱ्यांचे म्हणणे. भोसल्यांच्या मुळाबद्दलचा त्यांचा निष्कर्ष सर्वांनी स्वीकारलेला नाही, वाद पुष्कळ झाला. पण श्रीशैलचा दुवा सहज झटकता येत नाही. चैत्र शुद्ध अष्टमीला शिंगणापुरात मुख्य मंदिराच्या शिखरापासून बळीच्या शिखरापर्यंत विणलेल्या कापडाचा लांबलचक पट्टा बांधतात. त्याला ध्वज किंवा पागोटे म्हणतात. श्रीशैललाही महाशिवरात्रीच्या रात्री विणकराने आणलेली लांब पागोटी देवळाच्या शिखराला गुंडाळतात. दोन देवस्थानांत शेकडो कोसांचे अंतर, आणि लग्नाच्या रात्री नवऱ्या देवाला पागोटे बांधण्याची रीत तीच.

कारण शिंगणापूरची यात्रा हे मुळात लग्न आहे. गुढीपाडव्याला यात्रा भरू लागते, पंचमीला शिव-पार्वतीला हळद लागते, अष्टमीला मध्यरात्री अक्षता पडतात. वऱ्हाड मराठवाड्यापासून येते. खानापूर, आटपाडीची माणसे तर घरच्यासारखी. पौर्णिमेपर्यंत डोंगर भरलेला असतो. द्वादशीच्या कावडी या लग्नानंतर येतात.

कावडी अनेक गावांच्या असतात, पण मोठा मान सासवडच्या ‘तेल्या भुत्याच्या कावडी’चा. भुतोजी तेली हा महादेवाचा भक्त, त्याच्या नावाने ती चालते. पुरंदरमधल्या आजूबाजूच्या गावांच्या कावडी तिच्याबरोबर असतात. कावड म्हणजे घरात पाणी आणायची काठी-घागर नव्हे. जाड दांडा, त्याला तांब्याचे मोठे रांजण, वर निशाणे, आणि हा सगळा डोलारा पाळीपाळीने खांदा देत माणसांनीच न्यायचा. जेजुरीवरून नीरेच्या खोऱ्यात उतरून कावड डोंगराच्या पायथ्याकडे सरकते. वाटेतल्या गावांत खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घालतात, ओवाळतात, जेवू घालतात. बहुतेक खांदेकरी शेतकरी आहेत. सुगी नुकतीच उरकलेली असते आणि पावसाळा दूर असतो. चालण्याचे दिवस हेच.

पाणी, डोंगर आणि माणसांचा जथा यांची अशी सांगड जगात दुसरीकडेही आढळते. न्यूझीलंडच्या माओरी लोकांत स्वतःची ओळख सांगताना आधी आपला डोंगर, मग आपली नदी आणि त्यानंतर कुळ सांगायची रीत आहे. माणसाचे नाव शेवटी येते. व्हांगानुई नदीकाठची कुळे दरवर्षी होड्यांतून नदीच्या प्रवाहाबरोबर खाली येतात, वाटेतल्या ‘मराए’वर, म्हणजे कुळाच्या सभास्थानी, मुक्काम करतात. तिथे पाहुण्याने परस्पर आत शिरायचे नसते. यजमान स्त्री लांब सुरात साद घालते, मग पाहुणे पुढे सरकतात, भाषणे होतात, नाकाला नाक लावून श्वास एक केला जातो आणि पंगत बसते. २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेने या नदीला कायद्याने व्यक्तीचा दर्जा दिला. कऱ्हेला असा कागद मिळालेला नाही. तिला पाहुणी म्हणून डोंगरावर न्यायची रीत मात्र आहे.

मुंगी घाटाला मुंगी का म्हणतात, याचे लोकांकडचे उत्तर सोपे आहे: खालून पाहिले तर चढणारी माणसे मुंग्यांसारखी दिसतात, आणि चढायचेही तसेच, हातापायांनी. वाट म्हणावी अशी नाहीच. सुटे दगड, घसारा आणि मधूनमधून उभा कातळ. भरलेली कावड इथे खांद्यावर राहू शकत नाही. मग माणसांची साखळी होते. कडेकडेने टाचा रोवून उभे राहिलेले गडी एकमेकांचे हात, मनगटे धरतात. खालच्यांनी दांडा डोक्याच्या वर रेटायचा, वरच्यांनी ओढून घ्यायचा, आणि तेवढ्यात मागच्यांनी पुढे सरकून त्यांची जागा घ्यायची. रांजण कलता कामा नये. हलग्या, ढोल वाजत असतात, ‘हर हर महादेव’ चालूच असते. पण कठीण जागी वेगळीच आरोळी उठते: ‘म्हाद्या, धाव!’ देवाला इथे अरे-तुरे करतात, रागे भरतात, शिव्यासुद्धा देतात, अन् त्यात कुणाला वावगे वाटत नाही. पंढरीच्या वाटेवर विठ्ठल माउली होतो. या घाटात महादेव म्हणजे वेळेला हात द्यायला चुकलेला भावकीतला माणूस.

दिवस मावळायच्या सुमाराला शेवटची कावड माथ्यावर येते. वर थांबलेली गर्दी पुढे धावते, गुलाल उडतो, गड्यांच्या पाठीवर थापा पडतात. खरचटणे, सोलणे हे गृहीतच धरलेले असते. कावडी मिरवत देवळात जातात आणि रात्री कऱ्हेचे पाणी दोन्ही लिंगांवर घातले जाते. एवढ्या आटापिट्याने आणलेले पाणी ओतायला फार वेळ लागत नाही.

घाट पाहायला जाणाऱ्याने द्वादशीला दुपारीच माथ्याची किंवा कोथळ्याकडची जागा धरावी. उशिरा गेले तर नुसत्या पाठी दिसतात. साखळीत मात्र सवय नसलेल्याने शिरू नये, कारण तिथे एकाचा पाय सुटला की खालच्या दहांचा सुटतो. टोपी न्यावी, आणि प्यायचे पाणी घरूनच भरून घ्यावे.