पासंग

कऱ्हाड,
रविवार रात्र

चि. मनू हिस,


तुझा निबंध परवा रात्री दोन वाजता आला. दोन वाजता! मी वाचला सकाळी, आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही. निबंधापेक्षाही खाली लिहिलेली तुझी ती ओळ जात नाही : ‘आत्या, ताईने लिहिला असता तर बरा झाला असता.’ त्या ओळीकडे मी येणारच आहे. आधी निबंध.

‘टिळक आणि आगरकर’. तीन पानं टिळक, दीड पान आगरकर, आणि शेवटी ‘असे हे दोघेही आपापल्या परीने थोर होते’. अगं, हे तर तुला लेखणी उचलायच्या आधीही माहीत होतं. दोघांना शेजारी बसवल्यावर तुला नवं काय दिसलं, ते कुठे आहे?

दोष तुझ्या एकटीचा नाही. ‘फरक स्पष्ट करा’ म्हटलं की पानाच्या मधोमध रेघ मारायची, हे आम्ही मास्तरांनीच शिकवलं. एकतीस वर्षं मीही शिकवलं, आणि आता त्याचं फार वाईट वाटतं. डावीकडे राजकीय स्वातंत्र्य, उजवीकडे समाजसुधारणा. रेघ इतकी ठळक की डावीकडचा माणूस उजवीकडच्याला कधी भेटतच नाही. आणि हे दोघे तर एका कोठडीत राहिलेले! आगरकरांच्या पुस्तकाचं नाव तूच दिलं आहेस, ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’. त्यातल्या ‘आमचे’ या शब्दावर थांबली का नाहीस? तुझा निबंध तिथून सुरू व्हायला हवा होता.

बघ ना. दोघे १८५६ च्या जुलैतले, नऊ दिवसांच्या अंतराने जन्मलेले. आगरकर इथले, टेंभूचे, टिळक रत्नागिरीचे. डेक्कन कॉलेजात गाठ पडली आणि सरकारी नोकरीच्या वाटेला जायचं नाही, शिक्षणाला वाहून घ्यायचं, हे तिथेच ठरलं. १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला तेव्हा संपादक आगरकर होते, हे आज कितीजणांना आठवतं? पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतोय असं लिहिलं म्हणून दिवाण बर्व्यांनी फिर्याद केली आणि दोघेही डोंगरीला गेले. आणि पाच वर्षांनी, १८८७ मध्ये, आगरकर ‘केसरी’तून बाहेर! पुढच्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला. इतकी एक असलेली माणसं कशावरून फाटली? हा तुझा प्रश्न. प्रश्न नसला की तुलना म्हणजे नुसती यादी होते. आणि साम्य जितकं खोल, तितकाच फरक बोलका होतो. विळा आणि आंबा यांतला फरक कोणी विचारत नाही; हापूस आणि पायरीतला विचारतात.

माझ्या मते सगळं भांडण ‘आधी’ या एका शब्दात आहे. आधी राज्य की आधी घर? संमतिवयाचं विधेयक घे, १८९१ चं. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारावर न्यायचं होतं. परक्या सरकारने आमच्या रीतिरिवाजांत कायद्याने हात घालू नये, असं टिळक म्हणत होते. जिथे मुलींचा जीव जातो तिथे कायदा हवाच, असं आगरकर म्हणत होते. हे तू पहिल्या पानावर टिळकांखाली आणि चौथ्या पानावर आगरकरांखाली लिहिलंस. वाचणाऱ्याने मधली दोन पानं हे लक्षात धरून ठेवायचं का? एकाच परिच्छेदात दोघांना समोरासमोर उभं कर. आधी एकाचं पूर्ण चित्र आणि मग दुसऱ्याचं, असंही लिहिता येतं. पण मग पहिल्याबद्दल जे जे विचारलंस ते ते दुसऱ्यालाही विचारायला हवं. टिळकांचे वडील शिक्षक होते हे लिहिलंस, आणि आगरकरांच्या घरच्या दारिद्र्याबद्दल अवाक्षर नाही! आणि सारखं ‘याउलट’, ‘याउलट’ कशाला? ‘जितकं–तितकं’, ‘जिथे–तिथे’, ‘जसं–तसं’ या जोड्या आपल्या भाषेत उगाच आहेत का? आईच्या भाषेनेच तुझ्या हातात तराजू दिलाय.

तराजूवरून अण्णांचं दुकान आठवलं. तू पाहिलं नाहीस ते. रोज सकाळी फळी काढली की पहिलं काम एकच : रिकामा तराजू उचलून दांडी सरळ राहते का ते बघायचं. एखादं पारडं वर राहिलं तर त्याला पासंग बांधायचा. मगच पहिलं गिऱ्हाईक. तू पासंग पाहिलाच नाहीस, मनू. मंडाले, ‘गीतारहस्य’, १९१६ चा लखनौ करार हे सगळं तू टिळकांच्या पारड्यात टाकलंस आणि आगरकर ‘तुलनेने कमी प्रभावी’ असं लिहून मोकळी झालीस. अगं, आगरकर जून १८९५ मध्ये गेले! एकोणचाळीसही पूर्ण नव्हती. त्यांच्यावरचा मृत्युलेख ‘केसरी’त टिळकांनी लिहिला आणि त्यानंतर ते पंचवीस वर्षं जगले. चौसष्ट वर्षांशी अडतीस वर्षं तोलणार का? तोलायची तर १८८० ते १८९५ ही पंधरा वर्षं तोल. तेव्हा पारडी कशी खालीवर होतात ते बघ, आणि कोण जिंकलं हे लिहू नकोस. तुलना निकाल लावण्यासाठी नसते गं. एकाच्या उजेडात दुसरा दिसावा म्हणून ती करायची.

आता तुझी ती ओळ.

ताई सत्तावीस वर्षांची आहे आणि तू एकोणीस. तुझ्याही बाबतीत कोणी पासंग पाहिला नाही. एका लग्नात पंगतीत तुझ्यादेखत कोणी म्हणालं होतं ना, ‘ही ताईच्या पासंगालाही पुरणार नाही’? तू पानावरून उठली नाहीस, नुसती खाली मान घालून भात कालवत राहिलीस. मी समोर होते आणि गप्प बसले. त्याला सहा वर्षं झाली, अजून मला तो भात दिसतो. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही, म्हणून आज विचारते : ते वाक्य तू अजून बाळगून आहेस का? रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागतेस ती अभ्यासासाठी की त्या वाक्यासाठी? फोनवर तुझा आवाजही बारीक येतो हल्ली. जेवतेस ना नीट?

शनिवारी ये. टेंभूला जाऊन येऊ, जवळच तर आहे. मग पहिला परिच्छेद माझ्यासमोर बसून लिही. ताईला सवड असेल तर तिलाही आण. ती तुझ्या वयाची असताना माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून काय म्हणाली होती, ते तिलाच विचार. मी सांगणार नाही.

तुझी,
आत्या

ता. क. शेवटचं वाक्य खोड. त्या जागी दुसरं सुचलं नाही तर जागा रिकामी ठेव, पण जागू नकोस.