सकाळी थंड, घाटात गरम

डिझेल गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही आणि चढाला गरम होते, असं सांगितलं की बहुतेक गॅरेजांत एका तक्रारीच्या दोन होतात. सुरू होत नाही म्हणून हीटर प्लग, गरम होते म्हणून रेडिएटर. माझ्या जुन्या डिझेल जीपचा एक अख्खा हिवाळा यातच गेला. टाटा सुमो 1994 साली आली, त्या काळातली हीटर प्लगवाली ही गाडी.

मी जुन्नरला राहतो, शिकवतो ती शाळा डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. जुन्नरच्या डिसेंबरमधल्या पहाटेला किल्ली फिरवली की सेल्फ जोरात फिरायचा, पण इंजिन पकडायचं नाही. पकडलं तरी एका सिलेंडरने लंगडायचं, मागून पांढऱ्या धुराचा लोट निघायचा आणि थोड्या वेळाने सगळं सुरळीत व्हायचं. नारायणगाव-मंचर हायवेला तापमानाचा काटा मधोमध. घोडेगाव सोडून भीमाशंकरच्या दिशेने चढ लागला की मात्र तो तांबड्याकडे सरकायचा.

हीटर प्लग काढून बॅटरीवर लावून पाहिले, चारही लाल झाले. अर्थिंगची वायर घासून घट्ट केली. डिझेल लाइन हवा धरते का, याचीही खात्री केली. रात्रीत डिझेल मागे उतरत असेल तर सकाळी हाताचा प्रायमर ढिला लागतो. आमचा कडकच होता. रेडिएटर खोलून साफ झाला. बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी त्याच्या नळ्या खरोखरच भरल्या होत्या, त्यामुळे काटा थोडा उशिरा चढू लागला, इतकंच.

एका ठिकाणी थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला मिळाला. हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह काढला की बायपासची वाट उघडीच राहते, मग काही गरम पाणी रेडिएटरमध्ये न जाताच परत फिरतं. शिवाय हिवाळ्यात इंजिन तापायला वेळ लागतो तो वेगळाच. मी व्हॉल्व्ह काढू दिला नाही.

शेवटी मंचरच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधीच विचारलं, "गुरुजी, पाणी घालावं लागतं का?"

"रोज घालतो."

"खाली डाग पडतो?"

"नाही पडत."

"मग जातं कुठं? गाडी रात्री इथंच ठेवा. गरम इंजिनावर हे दिसायचं नाही."

सकाळी त्यांनी थंड रेडिएटरचं झाकण काढलं, काठोकाठ पाणी भरलं आणि गाडी सुरू करायला लावली. लगेच बुडबुडे यायला लागले. इंजिन चालत राहिलं तरी ते थांबेनात. मग झाकण लावून वरचा होजपाइप दाबायला सांगितला. इंजिनाला अजून ऊबही नव्हती आणि पाइप दगडासारखा कडक झालेला. सिलेंडरमधला गॅस पाण्यात शिरत होता. हेड गॅस्केट गेलं होतं.

डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. अशा जुन्या हीटर प्लगवाल्या इंजिनात आत घेतलेली हवा वीस पटींहून जास्त दाबली जाते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. सिलेंडर आणि पाण्याच्या वाटेमधलं गॅस्केट फुटलं की थंड इंजिनात हा दाब निसटतो, म्हणून ते पकडत नाही. धातू तापून फुगला की फट बुजते आणि गाडी शहाण्यासारखी चालते. चढाला सिलेंडरमधला दाब वाढतो, गॅस पाण्यात घुसून पाणी बाहेर ढकलतो, हेडमध्ये हवेची पोकळी तयार होते आणि काटा चढतो. गाडी बंद केल्यावर उलटं होतं, पाणी सिलेंडरमध्ये झिरपतं. सकाळचा पांढरा धूर ही त्याचीच वाफ. हे पाणी जास्त साठलं असतं तर सेल्फ मारताच कनेक्टिंग रॉड वाकला असता, कारण पाणी दाबलं जात नाही.

हेड उतरवलं तेव्हा गॅस्केटवर सिलेंडरपासून पाण्याच्या भोकापर्यंत काळा पट्टा दिसला. स्केल आणि फिलर गेज लावल्यावर हेड वाकलेलं निघालं. आधी तडा नाही ना हे प्रेशर टेस्टने तपासून मगच फेसिंगला दिलं. बोल्ट मिस्त्रींनी मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आवळले. अंदाजाने एकही नाही. थर्मोस्टॅट नवा घातला, बोअरचं पाणी कायमचं बंद करून कूलंट भरलं. आता जुन्नरच्या थंडीत हीटरचा दिवा विझला की इंजिन पकडतं आणि डिंभ्याच्या वरच्या चढाला काटा मधोमध राहतो.

तुमच्या गाडीत ही दोन्ही लक्षणं एकत्र दिसत असतील आणि डाग न पडता पाणी कमी होत असेल, तर नवा रेडिएटर घेण्याआधी थंड इंजिनावर बुडबुडे तपासून घ्या. घाटात गाडी तापली असताना मात्र झाकणाला हात लावू नका. दाबाखालचं ते पाणी सरळ तोंडावर येतं.