बिनपगारी चिटणीस

आमच्या घरात एक ‘फाउंडर’ आहे ही बातमी मला गेल्या गणपतीत कळली.

पुण्याहून भाचा आला होता. तो संगणकाच्या क्षेत्रात आहे. म्हणजे नक्की काय करतो ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही. आरती झाल्यावर खिरापतीचा बकाणा भरून तो सौ.ला म्हणाला, “मामी, तू फाउंडर आहेस. फाउंडरनं रात्री एक वाजेपर्यंत ऑर्डरी उतरवत बसायचं नसतं.”

फाउंडर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे टाटा-किर्लोस्कर येतात. भिंतीवर तैलचित्र, त्याला हार. इथे डोंबिवलीच्या दोन खोल्यांत, पायांत परात धरून चकलीचं पीठ मळणारी बाई फाउंडर कशी, हे मला उमगेना. पण भाच्याचं चूक नव्हतं. २०२० च्या टाळेबंदीत हिनं शेजारच्या दोघा-तिघांना मेतकूट करून दिलं. मेतकुटामागून भाजणी आली, भाजणीमागून चकली आली आणि चकलीमागून आख्खी दिवाळी आली. आता साठ-सत्तर कायमची घरं आहेत आणि दिवाळीत दीडशे किलोचा फराळ आमच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडतो. त्या दिवसांत मला स्वतःला चकली हवी असेल तर ऑर्डर द्यावी लागते.

धंद्याचं सगळं दप्तर म्हणजे कालनिर्णयची मागची बाजू आणि एक दोनशेपानी वही. त्या वहीतल्या नोंदी माझ्यासारख्या बी.कॉम. माणसाला घेरी आणणाऱ्या होत्या. ‘चष्मेवाल्या — चकली अर्धा, मऊ, सासूला दात नाहीत.’ ‘कोपऱ्यावरच्या — शेव तिखट, नवऱ्याला सांगू नये.’ ‘मास्तर — मेतकूट अर्धा, मिरी कमी, पैसे सवडीने.’ जमा-नावे कुठेही नाही. मी एकदा डबल एंट्री समजावून सांगायला बसलो. ती म्हणाली, “अहो, तुमची डबल एंट्री राहू दे, दाराची कडी लावा, मांजर आत येतंय.”

भाच्यानं मामीच्या फोनमध्ये नवा मदतनीस बसवून दिला. कृत्रिम बुद्धीचा. आलेला निरोप तो वाचतो, बोललेला ऐकतो, त्यातून माल, वजन, पत्ता वेगळा काढून तक्त्यात मांडतो, गिऱ्हाइकाला पोच देतो, वाणसामानाची यादी करतो आणि पैसे थकले तर आठवणही करतो. चोवीस तास, सणवार न पाळता. मी त्याचं नाव ‘चिटणीस’ ठेवलं. बिनपगारी म्हणवत नाही, कारण महिन्याची वर्गणी आहे. पण बोनस, रजा आणि दुपारचा चहा मागत नाही, हे काय कमी झालं?

“पण याला कळतं कसं?” मी विचारलं.

“मामा, यानं अफाट मजकूर वाचलेला असतो. त्यावरून पुढचा शब्द कुठला यावा, याचा तो अंदाज करतो.”

“म्हणजे समजत काही नाही, पण बोलत राहतो?”

“तसंच काहीसं.”

असा एक गृहस्थ आमच्या बँकेत मॅनेजर होऊन गेला असल्यामुळे मला ही कल्पना पटकन पटली.

आमचे अण्णा कोचावर बसून सगळं ऐकत होते. अण्णा १९७३ साली बँकेत चिकटले. खातेवह्यांच्या जमान्यातला माणूस. बॅलन्सिंगला दहा पैशांचा फरक आला तर रात्रभर जागून तो शोधायचे आणि सापडला की पहाटेची गाडी पकडून बारसं असल्यासारखे हसत घरी यायचे. बँकेत यंत्रं येणार म्हणून दंडाला काळी फीत लावून हिंडलेली ही पिढी. १९८३ साली संघटनांशी करार झाला, पुढच्या वर्षी रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि मग खातेवही लिहिणारी यंत्रं शाखेत येऊन बसली.

अण्णांनी विचारलं, “याची युनियन आहे?”

“नाही, आजोबा.”

“मग हा टिकणार,” असं म्हणून त्यांनी पेपर डोळ्यांपुढे धरला.

पहिला आठवडा मजेत गेला. चिटणिसांची मराठी दिसायला शुद्ध, पण परगावी वाढलेली. पहिल्याच गिऱ्हाइकाला त्यांनी लिहिलं, ‘आपल्या चकली-प्रवासाचा एक भाग होताना आम्हांस अत्यंत आनंद होत आहे.’ हिनं मला विचारलं, “चकली कुठे निघालीय प्रवासाला?” एका बाईंनी ‘भाजणी संपली असेल तर पाव पण चालेल’ असा निरोप धाडला. त्यांना उत्तर गेलं, ‘क्षमस्व. आम्ही पाव बनवीत नाही. कृपया जवळच्या बेकरीत चौकशी करावी.’ पावणेदोन किलो शेवेची नोंद सव्वादोन किलो झाली. पाव आणि दोन दिसले, त्यानं बेरीज केली. इंग्रजी शाळेतल्या आमच्या चिरंजिवांचंही उत्तर तेच आलं, तेव्हा यंत्राला एकट्याला दोष द्यायचा कशाला?

मग चिटणिसांनी बिलं केली आणि चकलीवर पाच टक्के जीएसटी लावला. इथे मात्र माझ्यातला वाणिज्य पदवीधर खडबडून जागा झाला. मालाची वार्षिक उलाढाल चाळीस लाखांच्या आत, नोंदणी घेतलेली नाही. अशा माणसाला गिऱ्हाइकाकडून कर घेताच येत नाही. मी तसं कळवलं. ताबडतोब उत्तर आलं, ‘आपण अगदी बरोबर आहात.’

वाचकहो, एकवीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी प्रथमच ऐकत होतो. मी ते दोनदा वाचलं. हिलाही दाखवलं. ती म्हणाली, “त्याला अजून अनुभव नाही.” खात्री करून घ्यावी म्हणून रात्री मी चिटणिसांना हळूच विचारलं, “मला वाटतं, अठरा टक्के कर लावायला हवा.” उत्तर आलं, ‘आपण अगदी बरोबर आहात.’ त्या रात्री मी जरा लवकर झोपलो.

पण खरं सांगायचं तर चिटणिसांचा उपयोग झाला. चुका दुरुस्त करता करता त्यांनाही हिची भाषा उमगली. पाव, पाऊण, दीड, अडीच यांचा एक तक्ताच भाच्यानं लिहून दिला. ‘संकष्टीच्या आधी’ म्हटलं की तारीख पुढ्यात येऊ लागली. डाळी किती, तेल किती, डबे किती, हिशेब सकाळी तयार. ऐन दिवाळीतसुद्धा ही अकराला झोपायला लागली. पाठीचा पट्टा कपाटात गेला. एका संध्याकाळी तर ती चक्क गॅलरीत बसून नुसता रस्ता बघत होती. मी घाबरून विचारलं, “बरं नाही का?” म्हणाली, “बरं आहे. म्हणूनच बसलेय.”

इथवर सगळं चिटणिसांचं कर्तृत्व. आता माझं सांगतो.

दिवाळी उरकल्यावर वसुलीचा प्रश्न निघाला. भाच्यानं सांगून ठेवलं होतं, “त्याला दोन-चार पत्रांचे नमुने दाखवा, तो सूर बरोबर पकडेल.” ही कढईपाशी, तेव्हा नमुने मी द्यायचे ठरले. पत्रं लिहिणं हा माझा प्रांत. एकोणीस वर्षं मी बँकेत स्मरणपत्रं लिहितो आहे. पहिलं साखरेचं, दुसरं मिठाचं, तिसरं कार्ल्याचं. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’पासून ‘परिणामांस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल’पर्यंतची माझी सगळी दौलत मी चिटणिसांच्या ओंजळीत घातली. मग वहीतली गिऱ्हाइकं तक्त्यात चढवली. तक्त्यात ‘सवडीने’ला रकाना नव्हता. मी सगळ्यांपुढे लिहिलं : मुदत, पंधरा दिवस.

चिटणिसांनी सूर पकडला. अगदी बरोबर पकडला. आठ दिवसांत निम्मी बाकी वसूल झाली. मी बँकेत चारचौघांत फुशारकी मारली.

एका सकाळी दाराची बेल वाजली. पलीकडच्या इमारतीतले मास्तर उभे होते. निवृत्त शिक्षक. त्यांची बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. मऊ भात आणि मिरी कमी घातलेलं मेतकूट, एवढंच तिच्या पोटात टिकायचं. मास्तरांनी हिच्या हातात पाकीट दिलं.

“बाई, सहाशे चाळीस आहेत. मोजून घ्या. उशीर झाला, क्षमा असावी. ही गेल्या गुरुवारी गेली. फोन आज उघडला, तर तुमची तीन पत्रं.”

हिच्या तोंडून शब्द फुटेना. मी पेपरामागे होतो आणि तिथेच राहिलो.

जाताना मास्तर म्हणाले, “पत्र मात्र शुद्ध होतं हो. ऱ्हस्वदीर्घाची एक चूक नाही. हल्ली कोण लिहितं असं!”

ते गेल्यावर हिनं फोन उघडून तिसरं पत्र वाचलं. ‘याउपर विलंब झाल्यास पुढील पुरवठा स्थगित करणे भाग पडेल.’ पुरवठा, म्हणजे मेतकूट.

“हे कोणी लिहिलं?”

“चिटणिसांनी,” मी म्हणालो.

माझ्याशी वाद न घालता तिनं चिटणिसांनाच विचारलं. त्यांनी नम्रपणे कळवलं, ‘दिलेल्या नमुन्यांनुसार मजकूर तयार केला आहे. अधिक सौम्य सूर हवा असल्यास तसे नमुने द्यावेत.’ तिनं फोन माझ्यापुढे धरला. माझ्यापाशी सौम्य नमुना एकही नव्हता. एकोणीस वर्षांत मी अशी शेकडो पत्रं पोस्टात टाकली. ती कोणत्या दारात, कोणत्या दिवशी जाऊन पडतात हे पाहण्याची वेळ कधी आली नव्हती. पहिल्यांदाच एक पत्र उलट पावली चालत माझ्या दारात आलं होतं, सहाशे चाळीस रुपये मोजून घेऊन.

अण्णा उठून आत गेले. जाता जाता एवढंच म्हणाले, “आमच्या वेळी पत्रावर सही करायला लागायची.”

मला वाटलं होतं, ही आता चिटणिसांना हाकलून देणार. दुपारी मीच तसं सुचवलं; गुन्हेगार घराबाहेर गेलेला बरा. ती म्हणाली, “त्यानं काय केलंय? तो राहील. तुम्ही तेवढं पत्र लिहू नका.”

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मामी, सोपं आहे. एक नियम घालू. घरात दुःख असेल तर पत्र जायचं नाही.”

“आणि घरात दुःख आहे हे त्याला सांगणार कोण?”

“आपण.”

“अरे, मग ते मला कळेपर्यंत माझं जाऊन येणं झालेलं असतं. तिथे पत्र कशाला?”

भाचा निरुत्तर झाला. फाउंडर म्हणजे काय ते मला तेव्हा थोडं समजलं.

त्या दिवसापासून वाटणी झाली. ऑर्डरी, याद्या, वजनं, डब्यांवरच्या चिठ्ठ्या चिटणिसांकडे. पैसे मागायचे ते ही स्वतः मागणार, तेही गिऱ्हाइकाची चौकशी करून झाल्यावर. त्यामुळे कधी कधी मागायचं राहूनच जातं. बाकीचं कुठलंही उत्तर आधी हिच्या डोळ्यांखालून जाणार, मग बाहेर पडणार. दोनशेपानी वही पुन्हा फळीवर आली. संध्याकाळी ही मास्तरांकडे भात-मेतकूट घेऊन गेली आणि पाकीट तिथेच ठेवून आली. मास्तरांनी ते दुसऱ्या दिवशी परत आणून दिलं. शिक्षकाची जात.

महिन्याभरानं मास्तरांचा निरोप आला : मेतकूट, पाव किलो. चिटणिसांनी या खेपेला पाव बरोबर ओळखला. उत्तराचा मसुदाही तत्परतेनं तयार केला : ‘आपण नेहमी अर्धा किलो मागवता. या वेळी पाव किलो मागविण्याचे कारण कळू शकेल का?’

हिनं तो पुसला. ‘पाठवते, मास्तर,’ एवढंच आपल्या बोटांनी लिहिलं. मग डबा घेतला आणि तोंडापर्यंत भरला. पाव किलोच्या डब्यात ते मावणार नव्हतं, म्हणून डबा अर्ध्या किलोचाच घेतला होता. बिल पाव किलोचं. मी पाहिलं आणि काही बोललो नाही.

महिनाअखेरीला चिटणिसांनी साठा ताळ्याला लावला आणि माझ्याकडे विचारणा केली, कारण हिशेबाचं खातं अजून माझ्याकडे आहे. ‘मेतकूट : २५० ग्रॅमचा फरक आढळतो. कारण नमूद केलेले नाही. नोंद कशी करावी?’

मी अण्णांकडे पाहिलं. दहा पैशांसाठी रात्र जागवणारा माणूस. त्यांनी चष्मा वर सरकवून प्रश्न वाचला, स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “बँकेत सगळेच फरक शोधायचे नसतात. सस्पेन्स अकाउंटला टाक.”

मी तसं कळवलं. चिटणीस म्हणाले, ‘आपण अगदी बरोबर आहात.’

दर महिन्याला म्हणतात.