भिंतीतले फडताळ

अहमदपूरचे आमचे जुने घर माळवदाचे होते. दोन हात रुंद भिंतींच्या पोटात फडताळे होती. त्यांतल्या एकात आजोबांची पांडवप्रतापाची पोथी असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि आमच्याही भिंतीला तडा गेला. फडताळ रिकामे करताना पोथी काढली, तो काय! शेवटचे अध्याय वाळवीने फस्त केलेले! आजोबा काही बोलले नाहीत. कितीतरी वेळ पाने झटकीत बसले.

नवे घर बांधताना अण्णा म्हणाले, "आता लाकडी कपाटच आणू." नऊ इंची विटांच्या भिंतीत फडताळ मावणार तरी कसे? माझा हट्ट काचेच्या दारांचा! (भूकंपाला भ्यालेल्या मला काच सुचावी, याचे आज हसू येते.) आजोबांना मात्र पुस्तके भिंतीशीच हवी होती. अखेर गवंडीमामांनी तोड काढली. पावसाची ओल बाहेरच्या भिंतीतून झिरपते. म्हणून त्यांनी आतली भिंत निवडली आणि बांधतानाच तीत शहाबादी फरशीचे कप्पे बसविले. दगडाला वाळवी लागत नाही. पण भिंतीवरून ती पुस्तकांपर्यंत येऊ शकते. तेव्हा दर रविवारी पुस्तके काढून झाडण्याचे काम माझ्याकडे आले.

सर्वांत खालचा कप्पा धाकट्या बहिणीच्या हाताला येईल इतका ठेंगणा होता. उरलेली पोथी आजोबांनी तेथेच ठेविली.