मधला माणूस

मी ड्रायव्हर लिहितों, असें कोणास सांगितलें म्हणजे ऐकणारा क्षणभर बुचकळ्यांत पडतो. आमचा कारखाना तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतींत, एपीएमसी मार्केटच्या शेजारीं. तेथें ड्रायव्हर हा शब्द कांद्या-बटाट्यांच्या ट्रकाशींच जोडलेला. आणि ट्रकाचा ड्रायव्हर कांहीं कोणी लिहीत नाहीं! माझा ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि यंत्र यांच्यामधला दुभाषी. संगणक आंकडे बोलतो, मोटारीला विजेचे इशारे कळतात. एकाचें म्हणणें दुसऱ्यास समजावून देणारी जी छोटीशी आज्ञावली, तिचें हें नांव.

आमच्याकडे एक जुनें मिलिंग यंत्र आहे. त्याचें लोखंड अजून खणखणीत. पण त्याचा नियंत्रक एके दिवशीं कायमचा मुका झाला. बनविणाऱ्यांचा निरोप आला, ‘तो नमुना आतां बंद, नवें यंत्र घ्या.’ नव्याची किंमत लहान कारखान्याला पेलणारी नव्हती, आणि जुन्यावर चार कामगारांचें पोट होतें. तेव्हां आम्ही लिनक्स-सीएनसीकडे वळलों. या आज्ञावलीचें मूळ अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेंत, गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांतलें. पुढें देशोदेशींच्या हौशी कारागिरांनीं ती वाढविली. ती कोणीहि वाचावी, दुरुस्त करावी, वापरावी, मोल नाहीं.

परंतु तिला आमच्या यंत्राची भाषा येत नव्हती. मोटारीला वीज पुरविणाऱ्या पेटीशीं कसें बोलावें, हें पेटीच्या निर्मात्यांनीं गुपित ठेविलें होतें. मला फळबाजारांतला हापुसाचा जुना सौदा आठवला. रुमालाखालीं दोन हात एकमेकांचीं बोटें दाबतात आणि भाव ठरतो. आंबा पिकविणाऱ्या बागाईतदाराला दिसतो तो नुसता रुमाल. यंत्र विकत घेणाऱ्याचीहि कित्येकदां हीच गत होते. मग मोटार यंत्रापासून सोडवून, पेटीला एकेक संदेश पाठवून, तिचें उत्तर मी वहींत टिपीत बसलों. तीन महिन्यांनीं ती भाषा उलगडली.

दुभाष्याचें काम दिसतें सोपें. सेकंदाला सुमारें हजार वेळां, यंत्र कोठें पोहोंचलें तें वाचावयाचें, संगणकाला सांगावयाचें, आणि नवा हुकूम घेऊन पेटीला पोंचवावयाचा. येथें हुशारीपेक्षां वक्तशीरपणाला मान. साधा संगणक दुसऱ्या कामांत गुंतला कीं किंचित् उशीर करतो. तो येथें चालत नाहीं. म्हणून लिनक्सचा गाभाच वेळेचा पक्का असावा लागतो. ती सोय बरींच वर्षें बाहेरून जोडावी लागे. २०२४ सालीं ती मूळ गाभ्यांत आली.

खरी परीक्षा मात्र उत्तर येत नाहीं तेव्हां होते. तार सैल झाली, पेटी गप्प बसली. आतां दुभाष्यानें काय करावें? मागचाच आंकडा पुन्हां सांगितला तर पडद्यावर सारें सुरळीत दिसेल, पण फिरता कटर खरोखर कोठें आहे तें कोणासच कळणार नाहीं. आणि त्या कटरजवळ कामगाराचा हात असतो. बाजारांतल्या तोलाराचा कांटा अडकला, तर तो कालचें वजन आजच्या गोणीवर लिहीत नाहीं, तोल थांबवितो. माझ्या ड्रायव्हरांतहि यंत्र हालविण्याच्या ओळींपेक्षां थांबविण्याच्या ओळी अधिक आहेत. उत्तर चुकलें कीं तो तसें स्पष्ट कळवितो आणि मोटारी थांबतात. संगणकच गप्प झाला, तर पेटीनें आपण होऊन थांबावें, अशीहि तजवीज आहे.

हा ड्रायव्हर मीं सर्वांसाठीं खुला ठेविला आहे. त्यांत औदार्य नाहीं. मधल्या माणसाच्या शब्दावर दुसऱ्याचा हात विसंबून असेल, तर तो काय बोलतो हें कोणालाहि तपासतां आलें पाहिजे.

आमच्या यंत्रावरील म्हाताऱ्या कारागिराला त्यांतली एक ओळहि वाचतां येत नाहीं. त्यानें पहिल्या दिवशीं एवढेंच विचारलें, “साहेब, तार निघाली तर थांबेल ना?” कटर न लावतां मीं यंत्र चालू केलें आणि त्याच्या देखत तार उपटली. यंत्र जागच्या जागीं थांबलें. त्यानें मान डोलाविली, आणि कटर बसवावयास घेतला.