जाणतेपणाची घटका

तेरा वर्षें पुरीं झालीं कीं यहुदी मुलगा धर्माज्ञांस स्वतः बांधला जातो. या अवस्थेस 'बार मित्स्वा' म्हणतात, आणि तिचा सोहळा वाचकांस आपल्याकडील मुंजीची आठवण करून देईल. शास्त्रानें जाणतेपणाची घटका अशी ठरवून टाकली आहे. १९८० सालीं सान फ्रान्सिस्को येथें यहुदी चित्रपट महोत्सव सुरू झाला, व पुढें तसे महोत्सव ठिकठिकाणीं भरूं लागले. त्यांच्या रसिकांस परिचित असलेले, बाल्य सरण्याचे दोन चित्रपट आम्हीं पाहिले. आणि ती घटका इतकी सोपी नाहीं असें वाटूं लागलें.

पहिला लुई माल यांचा १९८७ सालचा 'ओ रेव्ह्वार लेझान्फां'. १९४४ चा जानेवारी. फ्रान्समधील एका कॅथलिक निवासी शाळेंत नांव बदलून लपविलेला यहुदी मुलगा, आणि त्याचा वर्गमित्र ज्युलियन. गेस्टापोचा अधिकारी वर्गांत येऊन त्या मुलाचा तपास करूं लागतो. ज्युलियनची नजर क्षणभर मित्राकडे वळते, आणि तेवढ्यानें तो पकडला जातो. त्या पोरास दोष देणें आम्हांस जमेना. पण तें पोर आतां पोर राहिलें नाहीं, हेंही नाकारतां येईना. माल यांनीं लहानपणीं आपल्या शाळेंत अशीच धरपकड पाहिली होती. ती पडद्यावर आणण्यास त्यांस त्रेचाळीस वर्षें लागलीं.

दुसरा एली कोहेन यांचा १९८८ सालचा इस्रायली चित्रपट, 'अवियाचा उन्हाळा'. युद्धाच्या यातनांतून वांचलेली, पण मनानें मोडलेली आई उवांच्या धास्तीनें शाळेंतच मुलीचे केस कापून टाकते. आई सांभाळणारी नव्हे, सांभाळावयाची आहे, हें दहा वर्षांच्या अवियास त्या एका सुट्टींत उमगतें. ही कथा गिला अल्मागोर यांची स्वतःची. आणि चित्रपटांत आईची भूमिकाही त्यांचीच. ज्या आईस लहानपणीं समजून घेणें अवघड, तिच्या जागीं मुलगी स्वतः उभी राहिली!

आमच्या मतें कळणें क्षणाचें असतें. कळलेलें सांगण्याइतकें मोठें होण्यास मात्र अर्धें आयुष्य लागतें. बार मित्स्वाच्या सोहळ्यांत मुलगा सभेपुढें धर्मग्रंथ मोठ्यानें वाचतो. या प्रथेंतील मर्म हेंच असावें: जाणता तो, जो चारचौघांपुढें वाचूं शकतो. या दोघांचें वाचन उशिरां झालें, अंधाऱ्या चित्रगृहांत झालें. पण सभा जमली होती, आणि तिनें तें ऐकून घेतलें.